शाळा १४ व्या वर्षी सुटली आणि पुढे या माणसाने अख्ख्या इंग्रजी भाषेचा अर्थ लावायला घेतला

सकाळी मोबाईल उघडला की एक तरी रील समोर येतंच. आजचे पाच अवघड इंग्रजी शब्द. वर शब्द, खाली उच्चार, त्याखाली मराठी अर्थ. आपण ते सेव्ह करतो, मनातल्या मनात दोनदा घोकतो आणि कामाला लागतो.

संध्याकाळपर्यंत पाचातले चार शब्द गायब झालेले असतात. जो एक लक्षात राहतो, तो नेमका कुठल्या वाक्यात वापरायचा ते कळत नाही. वापरलाच तर समोरचा हसतो.

स्पर्धा परीक्षा देणारी पोरं असोत, नाहीतर नवीन नोकरीत इंग्रजी ईमेल लिहिताना घाम फुटणारे असोत, तक्रार सगळ्यांची हीच. शब्द पाठ होतात, पण आपले होत नाहीत.

आता जरा आपल्या मराठीकडे बघा. 'लागणे' हा एक साधा शब्द घ्या. भूक लागते. आग लागते. ठेच लागते. वेळ लागतो. नोकरी लागते. नजर लागते. लिफ्टमध्ये एखाद्याचा धक्का लागतो. या सगळ्या 'लागण्या'चा अर्थ एक आहे का ? नाही. मग कुठल्या शब्दकोशातून आपण हे पाठ केलं ? कुठल्याच नाही. हजार वेळा हजार वाक्यांत ऐकलं आणि कळत गेलं.

शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांमुळे कळतो, ही गोष्ट आपल्याला आपल्या भाषेत माहिती असते. इंग्रजी शिकताना मात्र आपण ती विसरतो.

हीच गोष्ट धरून एका माणसाने इंग्रजीतल्या जवळपास प्रत्येक शब्दाची वाक्यं गोळा केली, तारीखवार लावली आणि त्यातून अर्थ काढले. त्यात त्याची ३६ वर्षं गेली. काम पूर्ण झालेलं बघायला तो राहिला नाही, पण त्याने उभी केलेली गोष्ट आज जगभरात वापरली जाते.

त्या माणसाचं नाव सर जेम्स मरे. आणि ती गोष्ट म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी.

जेम्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८३७ चा. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, हॉइक गावाजवळ डेनहोम नावाचं एक छोटं खेडं आहे, तिथला. वडील शिंपी. घरी खाऊन पिऊन सुखी म्हणावं इतपतही पैसा नव्हता.

पोरगं मात्र वेगळंच होतं. दिसेल ते शिकायचं. झाडंझुडपं, दगड, जुनी खंडहरं, तारे आणि सगळ्यात जास्त भाषा. कुठल्याही लिपीतलं पुस्तक हाताला लागलं की त्यातली अक्षरं उतरवून काढायचं. गावातल्या गायींना लॅटिन नावांनी हाक मारून त्या येतात का, असलाही प्रयोग त्याने केल्याचं सांगतात.

पण १४ व्या वर्षी शाळा सुटली. पुढे शिकवायला घरच्यांकडे पैसे नव्हते.

१७ व्या वर्षी तो हॉइकच्या शाळेत सहाय्यक मास्तर झाला आणि २० व्या वर्षी तिथल्याच एका शाळेचा हेडमास्तर. कॉलेजचं तोंडही न बघितलेला हा मास्तर एकीकडे पोरांना शिकवत होता आणि दुसरीकडे स्वतः एकेक भाषा शिकत होता.

इथे एक मजेशीर ओळख झाली. एडिंबरामध्ये उच्चारशास्त्र शिकवणारे अलेक्झांडर मेलव्हिल बेल म्हणून होते. त्यांच्या पोराला जेम्सने विजेचे प्राथमिक धडे दिले. तो पोरगा म्हणजे टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनच्या शोधाचं थोडं श्रेय बेल पुढे आपल्या या मास्तरांनाही द्यायचा.

१८६२ साली जेम्सचं मॅगी स्कॉटशी लग्न झालं. त्यांना एक मुलगी झाली, पण ती तान्ही असतानाच गेली. मॅगीला क्षयाने गाठलं. हवा बदलायला पाहिजे, स्कॉटलंडची थंडी सोसणार नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. परदेशी जाण्याची ऐपत नव्हती. म्हणून जेम्सने मास्तरकी सोडली आणि बायकोला घेऊन लंडन गाठलं.

तिथे पोटासाठी बँकेत कारकुनी धरली. बँकेचं नाव चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना. म्हणजे जो माणूस पुढे इंग्रजी भाषेचा सगळ्यात मोठा कोशकार होणार होता, तो आपल्या इकडच्या व्यापाराच्या वह्या भरत बसला होता.

१८६५ ला मॅगी गेली. ज्याच्यासाठी गाव सोडलं, नोकरी सोडली, तेच हातातून निसटलं.

१८६७ मध्ये जेम्सने एडा रुथव्हेनशी दुसरं लग्न केलं. या लग्नात नवरदेवाच्या बाजूला उभा होता ग्रॅहम बेल. एडा आणि जेम्सला पुढे ११ मुलं झाली. ही ११ मुलं आणि एडा या गोष्टीत पुन्हा येणार आहेत, त्यामुळे लक्षात ठेवा.

त्याच सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये एक जागा निघाली. जेम्सने अर्ज केला. आपल्याला कोणकोणत्या भाषा किती येतात त्याची यादी त्यात दिली. लॅटिन, इटालियन, फ्रेंच, स्पॅनिशपासून हिब्रू, सिरियाकपर्यंत वीसहून जास्त भाषांचा उल्लेख होता. तौलनिक अभ्यासापुरती संस्कृतही होती.

नोकरी मिळाली नाही.

१८७० मध्ये बँक सुटली आणि लंडनजवळच्या मिल हिल शाळेत पुन्हा मास्तरकी सुरू झाली. १८७३ साली त्यांचं दक्षिण स्कॉटलंडच्या बोलीवरचं पुस्तक आलं. त्याच वर्षी, म्हणजे वयाच्या ३६ व्या वर्षी, लंडन विद्यापीठाची बी.ए. पदवी हातात पडली. आता विद्वानांच्या वर्तुळात मरे यांचं नाव होऊ लागलं होतं.

आता आपण डिक्शनरीकडे येऊ.

लंडनमध्ये फिलॉलॉजिकल सोसायटी नावाची भाषा अभ्यासकांची मंडळी होती. १८५७ साली त्यांच्या लक्षात आलं की इंग्रजीचे असलेले सगळे शब्दकोश अपुरे आहेत. हजारो शब्द त्यात नाहीत. शब्द कधी जन्मला, त्याचा अर्थ कसा बदलत गेला, याचा तर पत्ताच नाही.

हा बदल किती मोठा असतो बघा. आज 'सिली' म्हणजे वेडगळ. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सुखी, देवाची कृपा असलेला असा होता. तिथून तो निष्पाप झाला, मग बिचारा झाला आणि शेवटी मूर्ख झाला. 'नाइस' चा प्रवास बरोबर उलटा. आधी अडाणी, मूर्ख, आणि आज छान. मग जुनं पुस्तक वाचताना आजचा अर्थ लावला तर काय होईल ? सगळंच उलटं कळेल.

म्हणून ठरलं की नवीन कोश करायचा. त्यात प्रत्येक शब्दाचं चरित्र द्यायचं. तो पहिल्यांदा कुठे छापलेला दिसतो, मग कोणत्या शतकात कसा वापरला गेला, हे खऱ्या पुस्तकांतल्या खऱ्या वाक्यांनी दाखवायचं. व्याख्या संपादकाच्या डोक्यातून येणार नाही, ती वाक्यांतून काढली जाईल.

कल्पना भारी होती, पण काम डोंगराएवढं.

पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज. त्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवायला ५४ खणांचं कपाट करून घेतलं. पण १८६१ मध्ये, तिशीतच, क्षयाने ते गेले. मग फ्रेडरिक फर्निव्हॉल आले. माणूस उत्साही, पण एका जागी बसणारा नव्हता. त्यांच्या काळात चिठ्ठ्या जमत गेल्या, विखुरत गेल्या आणि काम थंडावलं.

शेवटी १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसबरोबर करार झाला आणि संपादक म्हणून जेम्स मरे यांचं नाव पक्कं झालं. वय ४२. मुदत १० वर्षं. पानं साधारण ७ हजार.

मरेंनी कामाची सुरुवात केली ती उंदरांपासून.

म्हणजे खरंच. फर्निव्हॉल यांच्याकडून आलेलं सामान जवळपास दोन टन वजनाचं होतं. पोती, खोकी, टोपल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरीण आपल्या पिल्लांसकट मुक्कामाला होती. 'एच' अक्षराच्या चिठ्ठ्या सापडत नव्हत्या, त्या निघाल्या थेट इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये. 'पीए' ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात होत्या. त्यातल्या बऱ्याचशा चूल पेटवायला वापरून झाल्या होत्या.

मिल हिलच्या आपल्या घरासमोर मरेंनी पत्र्याची शेड उभारली. भिंतींना हजारावर खण केले. तिला नाव दिलं स्क्रिप्टोरियम. मध्ययुगात साधू ज्या खोलीत बसून पोथ्या उतरवायचे, तिचं हे नाव. घरातल्यांनी त्याचं 'स्क्रिप्पी' करून टाकलं.

मग मरेंनी लोकांना आवाहन केलं. इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांनी पुस्तकं वाचा आणि शब्द पाठवा. त्याची पद्धत ठरलेली होती. अर्ध्या पानाची चिठ्ठी घ्या. डाव्या कोपऱ्यात शब्द लिहा. त्याखाली पुस्तकाची तारीख, लेखक, नाव, पान नंबर. आणि मग तो शब्द ज्या वाक्यात आलाय ते अख्खं वाक्य.

व्याख्या लिहायची नाही. वाक्य फक्त.

आजच्या भाषेत सांगायचं तर हे क्राउडसोर्सिंग होतं. विकिपीडियाच्या सव्वाशे वर्षं आधी, पोस्टाच्या तिकिटावर चालणारं. इंग्लंड, अमेरिका आणि जगभरातून चिठ्ठ्या यायला लागल्या. शेवटी जमलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा ५० लाखांच्या आसपास गेला.

आणि इथेच मरेंना एक गंमत कळली, जी आज शब्द घोकणाऱ्या प्रत्येकाने ऐकली पाहिजे.

वाचकांना सांगितलं होतं की वेगळे वाटणारे शब्द टिपा. लोकांनी विचित्र, जुने, अवघड शब्द तेवढे उचलले. साधे शब्द कोणी लिहूनच घेतले नाहीत. 'अब्यूजन' या आता मेलेल्या शब्दाची जवळपास ५० वाक्यं आली होती. पण रोजच्या वापरातल्या 'अब्यूज' ची पाचसुद्धा नव्हती.

साध्या शब्दाला अनेक अर्थ असतात, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आपणही दहा अक्षरी शब्द पाठ करतो आणि 'टेक', 'सेट', 'रन' आपल्याला येतात असं धरून चालतो. मरेंना मात्र या साध्या शब्दांची वाक्यं स्वतः आणि सहाय्यकांकडून पुन्हा शोधून घ्यावी लागली.

चिठ्ठ्या आल्यावर काय व्हायचं ?

पहिल्यांदा अक्षराप्रमाणे लावायच्या. मग एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे. मग एकेक वाक्य वाचून अर्थाचे गठ्ठे पाडायचे. इथे हा शब्द या अर्थी, तिथे त्या अर्थी. कोणता अर्थ आधीचा, कोणता त्यातून फुटलेला, हे ठरवायचं. सगळे गठ्ठे पडले की मगच व्याख्या लिहायची. वाक्यांतून अर्थ लागला नाही की मरे सरळ पत्र लिहायचे. झाडाचं नाव असेल तर क्यूच्या वनस्पती उद्यानाला. कवितेतला शब्द असेल तर कवीलाच. कादंबरीकार थॉमस हार्डी आणि कवी टेनिसन यांनाही अशी पत्रं गेली.

आणि अक्षराप्रमाणे चिठ्ठ्या लावायला कोण ? तर घरातली ११ मुलं. वाचता यायला लागलं की मूल कामाला. त्यासाठी तासावर खाऊचे पैसे मिळायचे, वय वाढलं की दर वाढायचा. जेवताना या पोरांच्या तोंडी असे शब्द असायचे की पाहुणे गार पडायचे. घर, हिशेब आणि मरेंचा पत्रव्यवहार सांभाळायला एडा होती.

पहिला भाग १८८४ च्या सुरुवातीला बाहेर आला. ३५२ पानं. 'ए' पासून 'अँट' पर्यंत.

म्हणजे पाच वर्षांत गाडी मुंगीपर्यंत पोहोचली होती. करार होता दहा वर्षांत 'झेड' चा.

प्रेसचे लोक हादरले. त्यांना वर्षाला ७०४ पानं हवी होती. त्यात ऑक्सफर्डचे बडे प्राध्यापक बेंजामिन जॉवेट यांनी मरेंच्या मजकुरात ढवळाढवळ सुरू केली. मरे इतके चिडले की राजीनाम्यापर्यंत गोष्ट गेली. पुढे दोघांचं जमलं आणि मरेंनी आपल्या एका मुलाचं नावच जॉवेट ठेवलं.

पैशाचं दुखणं मात्र सुटत नव्हतं. प्रेसकडून मिळणाऱ्या रकमेतूनच सहाय्यकांचे पगार आणि बाकीचा खर्च भागवायचा होता. काम लांबलं की तोटा मरेंच्या खिशातून. शेवटी सरकारने त्यांना वर्षाला २५० पौंडांचं निवृत्तीवेतन मंजूर केलं, तेव्हा कुठे शाळा सोडून पूर्ण वेळ डिक्शनरीला देणं जमलं.

१८८५ मध्ये मरे कुटुंब ऑक्सफर्डला आलं. ७८, बॅनबरी रोड. मागच्या बागेत पुन्हा पत्र्याची शेड. पण शेजाऱ्यांच्या डोळ्यांत ती खुपेल म्हणून काही फूट जमीन खोदून तिला खाली बसवली. परिणाम असा की आत कायम ओल आणि गारठा. हिवाळ्यात मरे जाड कोट घालून, पाय खोक्यात घालून लिहायला बसायचे.

टपाल इतकं यायचं आणि जायचं की पोस्टाने त्यांच्या घराबाहेर स्वतंत्र लाल पेटीच बसवली. पाकिटावर मरे, ऑक्सफर्ड एवढंच लिहिलं तरी पत्र पोहोचायचं.

या टपालात दोन माणसांची पाकिटं खास होती.

पहिला डॉ. विल्यम मायनर. अमेरिकन सैन्यातला सर्जन, जन्म सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. त्याच्या मनाचा तोल गेलेला होता. रात्री कोणीतरी आपल्याला मारायला येतंय असं त्याला वाटायचं. १८७२ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात त्याने अशाच भ्रमात जॉर्ज मेरेट नावाच्या एका कामगाराला गोळी घालून मारलं. मेरेटच्या मागे बायको आणि लहान मुलं होती. कोर्टाने मायनरला वेडसर ठरवून ब्रॉडमूरच्या कोठडीत पाठवलं. मेरेटची विधवा पुढे त्याला भेटायला यायची आणि येताना पुस्तकं आणायची, हे या गोष्टीतलं सगळ्यात अवघड पान आहे.

मायनरने त्या कोठडीत बसून हजारो वाक्यं पाठवली. त्याची पद्धत भन्नाट होती. तो प्रत्येक पुस्तकाची शब्दसूची करून ठेवायचा आणि मग मरेंना विचारायचा की सध्या कोणता शब्द चालू आहे. तेवढीच वाक्यं तो पाठवायचा. ऐन वेळी हवं ते हातात.

मरे त्याला कोणी श्रीमंत डॉक्टर समजून भेटायला गेले आणि तिथे गेल्यावर तो कैदी निघाला, अशी एक कथा सगळीकडे फिरते. ती खोटी आहे. १८९१ मध्ये मरे भेटायला गेले, तेव्हा त्यांना सगळं आधीच माहिती होतं. माहिती असूनही ते गेले आणि पुढे वर्षानुवर्षं जात राहिले. २०१९ साली आलेल्या एका सिनेमात मेल गिब्सनने मरे आणि शॉन पेनने मायनर केलाय.

दुसरा माणूस आपल्याकडून गेलेला. फिट्झएडवर्ड हॉल. हाही अमेरिकन. १८४६ मध्ये त्याचं जहाज बंगालजवळ फुटलं आणि तो भारतात राहिला. बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात शिकवलं, संस्कृत ग्रंथ संपादित केले. मग लंडनला प्राध्यापक झाला. तिथे भांडणं झाली आणि तो सफोकमधल्या एका खेड्यात जाऊन एकटा राहू लागला. तिथून तो रोज काही तास डिक्शनरीची प्रुफं तपासायचा. १९०१ मध्ये मरेपर्यंत त्याने हे काम केलं. मरेंची आणि त्याची समोरासमोर भेट कधीच झाली नाही.

इतकं सगळं करूनही चुका झाल्याच.

'बॉन्डमेड' म्हणजे गुलाम स्त्री. या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या आणि 'बी' चा भाग त्याच्याशिवायच छापला गेला. तो शब्द कोशात आला थेट १९३३ च्या पुरवणीत. 'अपेंडिसायटिस' चं तर वेगळंच झालं. डॉक्टरी शब्द आहे, सामान्यांना काय उपयोग, असा तज्ज्ञांचा सल्ला पडला म्हणून तो गाळला. १९०२ मध्ये राजा सातवा एडवर्ड याला राज्याभिषेकाच्या तोंडावर नेमकं तेच झालं. राज्याभिषेक पुढे ढकलला, प्रत्येक पेपरात तो शब्द, आणि लोकांनी डिक्शनरी उघडली तर त्यात तो नाही.

मरे खचले नाहीत असं म्हणणं सोपं आहे. पण वर्षं वाढत गेली तसा त्यांनाही दिसायला लागलेलं होतं की हे आपल्या आयुष्यात संपत नाही. १८८८ पासून हेन्री ब्रॅडली हे दुसरे संपादक म्हणून वेगळी अक्षरं करू लागले. १९०१ मध्ये विल्यम क्रेगी आले, १९१४ मध्ये चार्ल्स ऑनियन्स. मरेंची एल्सी आणि रॉसफ्रिथ या मुलीही मोठेपणी याच कामात राहिल्या.

१९०८ मध्ये मरेंना 'सर' हा किताब मिळाला. अनेक विद्यापीठांनी मानद पदव्या दिल्या. ज्या ऑक्सफर्डचं नाव या कोशाने जगात नेलं, त्या ऑक्सफर्डने मात्र मानद डॉक्टरेट दिली १९१४ ला. म्हणजे तिथे राहायला आल्यानंतर २९ वर्षांनी. आणि त्यांच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी.

२६ जुलै १९१५ रोजी जेम्स मरे गेले. वय ७८. तेव्हा हातात 'टी' अक्षर होतं. ए ते डी, एच ते के, ओ, पी आणि टी ही अक्षरं त्यांची. म्हणजे जवळपास निम्मा कोश.

शेवटचा भाग १९२८ मध्ये आला. १५,४९० पानं, ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांहून जास्त वाक्यं. दहा वर्षांचा करार होता, लागली ४९. मरे गेल्यानंतर 'डब्ल्यू' च्या काही शब्दांवर काम करणाऱ्या एका तरुणाचं नाव होतं जे. आर. आर. टॉल्किन. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाला.

या कोशांत आपलंही काही आहे. इंग्रजीतलं 'मंगूस' कुठून आलं हे बघितलं तर शब्दकोश मराठी भाषेकडे बोट दाखवतात. आपलं मुंगूस तिकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

आता सुरुवातीच्या त्या रीलकडे परत येऊ.

मरेंची पद्धत वापरायला पत्र्याची शेड लागत नाही. एखादा नवीन शब्द वाचनात आला की त्याचा अर्थ लगेच शोधू नका. आधी तो ज्या वाक्यात आलाय ते अख्खं वाक्य वहीत उतरवून घ्या. कुठे वाचलं तेही लिहा. वाक्यावरून काय अर्थ असेल ते स्वतः ठरवा. मग डिक्शनरी उघडून आपण किती चुकलो ते बघा. तोच शब्द दुसऱ्या ठिकाणी भेटला की त्याखाली दुसरं वाक्य. चार-पाच वाक्यं जमली की व्याख्या तुम्हालाच लिहिता येईल आणि तो शब्द कुठे वापरायचा हे कोणाला विचारावं लागणार नाही.

दिवसाला पाच शब्द होणार नाहीत. आठवड्याला पाच झाले तरी पुष्कळ आहेत. मरेंची गाडी पाच वर्षांत मुंगीपर्यंतच आली होती.

आणि हो, चिठ्ठी लिहिताना साधे शब्द सोडू नका. अवघड शब्दांच्या चिठ्ठ्या सगळेच लिहितात.